मोकळ्या मैदानावर घोडेस्वारीच्या स्पर्धा पाहायला जाताना पोशाख कसा असावा?

फोंड्याहून एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. जानेवारीत पेडणे तालुक्यातील एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या मोकळ्या पठारावर, घोडेस्वारीच्या स्पर्धा भरणार असून त्यांच्या यजमानांच्या कार्यालयामार्फत त्यांना आमंत्रण आले आहे. सकाळी अडथळ्यांवरून उड्यांची स्पर्धा आणि दुपारनंतर पोलोचा प्रदर्शनीय सामना असा बेत आहे. पत्रिकेवर पोशाखासंबंधी 'स्मार्ट कॅज्युअल' एवढेच छापलेले आहे. सोबत यजमान, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असतील. परदेशी शर्यतींच्या छायाचित्रांत दिसतात तशा मोठ्या टोप्या घ्याव्या लागतील का, उंच टाचा चालतील का, आणि लाल साडी नेसली तर घोडा बिथरतो असे शेजारणीने सांगितले ते खरे का, असे त्यांचे म्हणणे आहे.

मी घोडेस्वारी शिकवतो आणि स्पर्धांच्या दिवशी रिंगणाच्या फाटकाशी उभा राहून घोडे आत-बाहेर सोडण्याचे काम पाहतो. पूर्वी हे पुण्या-मुंबईकडे केले, आता बार्देशात राहतो. त्यामुळे प्रेक्षकांकडे पाहण्याची माझी जागा घोड्याच्या बाजूची आहे, आणि त्या बाजूने पाहिले तर या प्रश्नात शोभेचा भाग फार थोडा उरतो. खरी अडचण अशी आहे की छायाचित्रांतला पोशाख ज्या हवेसाठी आणि ज्या जमिनीसाठी घडला, ती हवा आणि ती जमीन आपल्याकडे नाही. रॉयल ॲस्कॉटची शर्यत जूनमध्ये इंग्लंडच्या सौम्य हवेत, कापलेल्या हिरवळीवर आणि बांधीव सज्जांसमोर होते. तिथे स्त्रियांच्या डोक्यावरच्या शिरोभूषणाचा पाया किमान १० सेंटिमीटरचा असावा असा नियम आहे खरा, पण तोही केवळ 'रॉयल एन्क्लोजर' या कक्षाचा आहे. मुंबईत महालक्ष्मीला इंडियन डर्बीच्या दिवशी हौशी मंडळी टोप्या घालून मिरवतात, पण त्यांच्या डोक्यावर स्टँडचे छप्पर असते. पेडण्याच्या सड्यावर छप्पर असेलच असे नाही, आणि पायाखाली हिरवळ तर नसण्याचीच शक्यता अधिक. म्हणून आधी पायाखाली पाहावे, मग डोक्यावर, मग समोरच्या घोड्याकडे, आणि आरशाकडे सगळ्यांत शेवटी.

नेमके काय घालावे हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तिन्ही निमंत्रकांना एका फोनमध्ये विचारता येतात. बसायला मांडव आहे की रिंगणाभोवतीच्या दोरीच्या कडेने उभे राहायचे आहे. गाडी कुठे लावायची आणि तिथून किती चालायचे आहे. बक्षीस समारंभ आणि जेवण त्याच जागी आहे की संध्याकाळी हॉटेलात. मांडव असेल तर टोपीचा प्रश्न निम्मा सुटतो, आणि गाडीतळ लांब असेल तर पादत्राणांचा प्रश्न दुप्पट होतो. फोन करण्यात संकोच वाटू देऊ नये. निमंत्रकांना हे प्रश्न आवडतात, कारण एरवी पाहुण्यांच्या मुरगळलेल्या पायांना मलम शोधण्याचे काम त्यांच्याच माथी येते.

आता पायाखालचे पाहू. जांभ्याचा सडा लांबून सपाट दिसला तरी जवळून तो जाळीदार आणि भोकाभोकांचा असतो. आयोजक रिंगणात वाळू टाकतात, पोलोचे मैदान शक्य तितके सारखे करतात, पण प्रेक्षकांचा पट्टा बहुधा मुळातल्या जमिनीचाच राहतो. टोकदार टाच त्या भोकात अडकते आणि माणूस पुढे जातो, टाच मागे राहते. वाळूत किंवा मऊ गवतात हीच टाच रुतते. शिवाय उड्यांच्या स्पर्धा आपल्याकडे शक्यतो सकाळी लवकर सुरू करतात, कारण ऊन चढले की घोडा घामाघूम होतो आणि गोव्याच्या दमट हवेत तो घाम लवकर वाळत नसल्याने अंग निवत नाही. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि त्या वेळी गवतावर दंव असते. कॅनव्हासचे बूट दहा मिनिटांत भिजतात, कातडी तळाचे बूट ओल्या गवतावर घसरतात, आणि कोल्हापुरी चप्पल, मला स्वतःला कितीही आवडत असली, तरी या दोन्ही दोषांची धनी आहे. समोरून बंद, सपाट, रबरी आणि पकड असलेल्या तळाचे बूट हेच योग्य उत्तर आहे. ते फॅशनेबल असलेच पाहिजेत असे नाही, स्वच्छ असावेत. नवे कोरे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत, हेही सांगून ठेवतो.

सड्याची दुसरी भेट म्हणजे कुसळे. पावसाळ्यात माजलेले गवत डिसेंबर-जानेवारीपर्यंत वाळते आणि चालणाऱ्याच्या कपड्यांना लागून येते. एखादे कुसळ हातात घेऊन नीट पाहिले तर त्याचे टोक अणकुचीदार असते, टोकामागे उलट्या दिशेचे बारीक केस असतात आणि मागची लांब शेपटी पिळलेली असते. ओल लागली की तो पीळ सुटू लागतो, शेपटी गरगर फिरते आणि टोक कापडात अधिकाधिक आत शिरते. म्हणजे दंवाच्या वेळी चालणाऱ्यालाच ते जास्त छळते. विणीच्या कापडाचे लेगिंग, लोकरी मोजे, जाळीची ओढणी यांत घुसलेली कुसळे धुऊन जात नाहीत, एकेक करून चिमटीने उपटावी लागतात. घट्ट विणीचे कापड, म्हणजे पॉपलिन, ड्रिल किंवा हलके डेनिम, त्यांना फारसा थारा देत नाही. म्हणून पंजाबी पोशाख करायचा असेल तर लेगिंगऐवजी सुती पँट किंवा चुडीदार घ्यावा आणि मोजे गुळगुळीत विणीचे असावेत. अर्ध्या चड्डीवर येणाऱ्या पाहुण्यांची पोटरी दुपारपर्यंत खाजून लाल झालेली मी नेहमी पाहतो.

रंगाच्या बाबतीत एकच पथ्य आहे आणि तेही जमिनीमुळेच आहे. जांभ्याची तांबडी धूळ लोहयुक्त असल्याने पांढऱ्या, मोतिया किंवा फिकट निळ्या कपड्यांवर तिचा डाग बसतो आणि एका धुण्यात निघत नाही. पोलोचे खेळाडू पांढऱ्या विजारी घालतात ती त्यांची रीत झाली. त्यांच्या विजारी धुणारी माणसे वेगळी असतात. प्रेक्षकांनी मातकट, तपकिरी, गर्द हिरवा, मोरपिशी, मरून असे रंग निवडावेत. कापड सुती, खादी किंवा लिनन असावे. जानेवारीतही गोव्यात दुपारी तापमान ३१-३२ अंशांपर्यंत जाते आणि पहाटे ते २० अंशांच्या आसपास असते, म्हणजे एकाच दिवसात शाल आणि पंखा दोन्ही आठवतात. पहाटेसाठी पातळ जाकीट किंवा शाल बरोबर ठेवावी. ती काढताना मात्र रिंगणाकडे पाठ करून, दोरीपासून दूर जाऊन शांतपणे काढावी. यामागचे कारण आता सांगतो, कारण माझ्या दृष्टीने साऱ्या उत्तराचा गाभा तोच आहे.

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांचा परिसर एकाच वेळी दिसतो. कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा पट्टा एवढेच त्याच्या नजरेतून सुटते. या नजरेचे बळ बारकावे टिपण्यात नसून हालचाल टिपण्यात आहे. रंगांच्या बाबतीत घोड्याला निळा आणि पिवळा ओळखता येतो, लाल आणि हिरवा यांतला फरक मात्र त्याला नीट कळत नाही. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींत पूर्वी फळ्यांना नारिंगी रंग देत असत. तो रंग माणसाला ठळक दिसतो, पण घोड्याला हिरव्या पार्श्वभूमीवर उठून दिसत नाही असे अभ्यासातून कळल्यावर त्या फळ्या पांढऱ्या करण्यात आल्या. तेव्हा ताई, तुमच्या लाल साडीला घोड्याकडून काहीही धोका नाही आणि घोड्याला तुमच्या साडीच्या रंगाकडून नाही. शेजारणीने ऐकलेली गोष्ट बहुधा बैलाची असावी, आणि बैलसुद्धा फडक्याच्या रंगाला नव्हे, फडकण्याला चिडतो.

फडकणे हाच शब्द घोड्याच्या बाबतीतही लक्षात ठेवावा. पुण्यातल्या एका स्पर्धेत एक तरुण घोडी पहिले दोन अडथळे सुरेख पार करून तिसऱ्याकडे वळली होती. दोरीपासून चार हातांवर उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी उन्हासाठी घडीची छत्री काढली आणि बटण दाबले. घोडीचा त्या बाजूचा कान आधी वळला, मग मान वर गेली, पुढचे दोन्ही पाय तिने वाळूत रोवले आणि स्वार खोगिरातून घसरत तिच्या मानेवर आला. तो पडला नाही हे त्याचे कसब. पहिल्या नकाराचे, म्हणजे घोड्याने उडी नाकारल्याचे, ४ दोषगुण लागतात, दुसऱ्या नकाराला स्पर्धक बाद होतो, आणि एकदा बुजलेली घोडी पुढच्या फेरीतही त्या कोपऱ्याकडे संशयाने पाहत राहते. गृहस्थांना यातले काहीच कळले नव्हते. सूर्य किती तापला आहे याचीच ते शेजाऱ्याशी चर्चा करीत होते. मांडलेल्या स्थिर छत्र्यांना किंवा कनातींना घोडे एक-दोन फेऱ्यांत सरावतात. अचानक उघडणारी, उडणारी, फडफडणारी वस्तू त्यांना सोसत नाही. म्हणून छत्री आणायचीच असेल तर गाडीतळाजवळ उघडून घ्यावी, दोरीच्या जवळ नेऊ नये, आणि वारा सुटला की मिटून ठेवावी.

टोपीचाही विचार याच अंगाने करावा. सड्यावर दुपारी समुद्रावरून वारा सुरू होतो आणि त्याला अडवायला झाड-माड काही नसते. मोठ्या कडेची, सजावटीची, हनुवटीखाली बंद नसलेली टोपी हमखास उडते आणि बहुतेक वेळा रिंगणातच जाऊन पडते. तीन बोटांहून थोडी अधिक रुंद कड, हनुवटीखालून दोरी, आणि डोक्यात घट्ट बसणारी गवताची किंवा सुती टोपी पुरेशी आहे. तिने मागच्या माणसाची दृष्टीही अडत नाही. तेव्हा नवी दिखाऊ टोपी विकत घेण्याची आवश्यकता नाही. टोपी नको असेल तर डोक्याला सुती रुमाल बांधला तरी शिष्टाचाराला बाध येत नाही. गॉगल जरूर वापरावा, कारण वाळूच्या रिंगणावरून परतणारे ऊन डोळ्यांना फार लागते, आणि चेहऱ्याला व मानेच्या मागे सनस्क्रीन लावावे. घामाने ते उतरते, म्हणून दोन तासांनी पुन्हा लावावे लागते.

साडी नेसावी की नाही, असे मला पुष्कळ जणी विचारतात. माझ्या मते साडी उत्तम, फक्त नेसण्यात थोडा बदल करावा. शिफॉन आणि जॉर्जेट टाळावे, कारण ते वाऱ्यावर फुगते आणि पदर दोरीवरून आत जातो. सुती साडी घोट्याच्या किंचित वर नेसावी, म्हणजे काठ दंवात भिजत नाही आणि कुसळे गोळा करीत नाही. पदर खांद्यावर पिन लावून, दुसरे टोक कमरेला खोचून टाकावे. आपल्या गोव्यातली कुणबी साडी या कामासाठी घडवल्यासारखी आहे. शेतात राबणाऱ्या बायका ती आखूड नेसत आणि पदराची गाठ खांद्यावर मारून दोन्ही हात मोकळे ठेवत. तिचे जाडसर सूत, लाल चौकडा आणि घट्ट बांधणी, तिन्ही गोष्टी सड्यावर उपयोगी पडतात, आणि गोव्याचे दिवंगत वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती नव्या रूपात पुढे आणल्यापासून कोणत्याही समारंभात ती उठून दिसते. सासूबाई नऊवारी नेसत असतील तर त्यांना मुळीच बदलायला लावू नये. कासोट्यामुळे त्यांचे चालणे तुमच्याहून सोपे असेल. केवळ पायांत पट्ट्याचे, न घसरणारे बूट घालायला त्यांचे मन वळवावे आणि मांडवात पाठ टेकायला मिळेल अशी खुर्ची आधीच सांगून ठेवावी.

यजमानांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. 'स्मार्ट कॅज्युअल' याचा आपल्याकडच्या मैदानावरचा अर्थ इतकाच की बर्मुडा, रबरी सपाता आणि चेहरेवाला टी-शर्ट नको, आणि टायही नको. कॉलरचा सुती शर्ट, लांब पँट, पट्टा आणि बंद बूट यांत माणूस सर्वत्र शोभतो. ब्लेझर सकाळी हौसेने घातला जातो आणि अकरा वाजता हातावर येतो.

दुपारच्या पोलोसाठी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पूर्ण मैदान लांबीला ३०० यार्ड, म्हणजे सुमारे २७५ मीटर असते. प्रदर्शनीय सामना त्याहून लहान जागेत झाला तरी खेळ बऱ्याच अंतरावर चालतो. तिथे तुमच्या पदराने घोडा बुजण्याची शक्यता कमी, मात्र चेंडू कडेबाहेर वेगाने येण्याची शक्यता असते, म्हणून कडेच्या अगदी जवळ पाठमोरे उभे राहून फोटो काढू नयेत. मध्यंतरात प्रेक्षकांनी मैदानात उतरून टापांनी उखडलेली ढेकळे पायांनी दाबून बसवण्याची जुनी प्रथा आहे. गवताचे मैदान असेल तर आयोजक तसे जाहीर करतील. मुलांना यात फार मौज वाटते, आणि टोकदार टाचा घालून गेलेली बाई नेमके उलटे काम करते, म्हणजे नवी भोके पाडते. सपाट बूट घालण्याचे हे आणखी एक कारण.

सामन्यानंतर मुलगा घोड्याजवळ जाण्याचा हट्ट धरेलच. पागेत जायचे असेल तर नियम अधिक कडक आहेत. साधारण ४५० किलोचा घोडा उभा असताना वजनाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर घेतो. म्हणजे एका पुढच्या पायावर १३५ किलो, आणि खाली लोखंडी नाल. उघड्या बोटांवर तो पाय पडला तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. लिदीने माखलेल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून पायाला भेग किंवा जखम असेल तर बंद बूट सोडून दुसरे काहीच चालणार नाही. लोंबते झुमके, लांब माळ, गळ्यातून सुटलेली ओढणी आत नेऊ नये. घोडा ओठांनी चाचपून वस्तू ओळखतो आणि मग दातांनी ओढतो. अबोलीची वेणी माळून पागेत आलेल्या एका आजींच्या केसांतली निम्मी फुले एका तट्टाने शांतपणे खाल्ल्याचे मी पाहिले आहे. आजींना मान वळवेपर्यंत पत्ता नव्हता. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, सांगेल त्या बाजूनेच जावे आणि मागून कधीही जाऊ नये.

मुलासाठी भडक रंगाचा शर्ट घालावा. त्याने घोड्याला काही होत नाही आणि गर्दीत तो तुम्हाला चटकन सापडतो. लांब पँट, गळ्याखाली बंद असलेली टोपी आणि साधे बूट द्यावेत. पावलागणिक वाजणारे किंवा दिवे लागणारे बूट घरी ठेवावेत, फुगा आणि पिपाणी विकणारा प्रवेशद्वाराशी भेटला तरी त्याला नाही म्हणावे. सात वर्षांच्या मुलाला धावू नकोस असे सांगण्यापेक्षा घोडा धावणाऱ्याला घाबरतो असे सांगितले की तो अधिक ऐकतो, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

गाडीत एक जुना टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकाच्या जादा मोज्यांचा जोड आणि चिखल-धुळीचे बूट ठेवायला पिशवी असावी. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर डास सुरू होतात, तेव्हा पहाटेची शाल किंवा पूर्ण बाह्यांचे जाकीट पुन्हा कामी येते. जेवण हॉटेलात असेल तर उंच टाचा आणि रेशमी साडी पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवावी, आणि डांबरी रस्ता लागल्यावरच ती पिशवी उघडावी.